क्रॉसबो, दुर्बीण आणि चाळीस मीटरवरचे हरीण

माझा एक भाचा नोकरीनिमित्त अमेरिकेतील ओहायो राज्यात राहतो. गेल्या उन्हाळ्यात त्याचा फोन आला. त्याच्या कारखान्यातले काही सहकारी दर वर्षी शरद ऋतूत हरणाच्या शिकारीला जातात. या वेळी त्यांनी यालाही बोलावले होते. नव्या शिकाऱ्यांसाठी तिथे जो शिक्षणवर्ग सक्तीचा असतो तो पुरा करून परवाना काढायचे त्याने ठरवले होते. प्रश्न एवढाच होता, की क्रॉसबो कोणता घ्यावा? "मामा, दुकानात वीस प्रकार टांगले आहेत. प्रत्येकावर ताण इतके पौंड, वेग इतके फूट असे आकडे छापलेत. वर दुर्बीण बसवलेली. तुम्ही भौतिकी शिकवता, तुम्हीच सांगा."

विद्यार्थीमित्रहो, खरे सांगायचे तर मी क्रॉसबो कधी हातात धरलेला नाही आणि शिकारीची मला आवडही नाही. आपल्या देशात तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये वन्य प्राण्यांची शिकार हा गुन्हाच आहे. अमेरिकेतील परिस्थिती वेगळी आहे. तिथल्या पूर्व भागातून लांडगे आणि कूगर बहुतेक नाहीसे झाले आणि पांढऱ्या शेपटीच्या हरणांची संख्या फार वाढली. त्यामुळे ठराविक मोसमात, ठराविक संख्येने शिकार करण्याचे परवाने सरकारच देते. भाच्याला मी 'जाऊ नकोस' असे सांगू शकलो असतो. पण तो जाणारच होता. तेव्हा निदान हिशेब करून जावा, म्हणून मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. त्या हिशेबाला नववी-दहावीचे भौतिकी पुरले. तोच हिशेब आज आपण मिळून करू या.

आडवे धनुष्य

क्रॉसबो म्हणजे बंदुकीसारख्या दस्त्यावर आडवे बसवलेले धनुष्य. साध्या धनुष्यात तिरंदाजाला प्रत्यंचा ओढून धरून नेम घ्यावा लागतो. हात थरथरू लागतो तो त्यामुळेच. क्रॉसबोमध्ये ओढलेली प्रत्यंचा एका अडकणीत अडकून राहते. बाण वरच्या पन्हळीत ठेवायचा, नेम धरायचा आणि चाप दाबायचा. मग अडकण सुटते, धनुष्याची पाती सरळ होऊ लागतात आणि प्रत्यंचा बाणाला पुढे ढकलते.

ही कल्पना फार जुनी आहे. चीनमध्ये शिआन शहराजवळ १९७४ साली मातीच्या सैनिकांची जी प्रचंड सेना सापडली, तिच्यासोबत क्रॉसबोचे काशाचे चापही मिळाले. ते बावीसशे वर्षांपूर्वीचे आहेत. युरोपात या शस्त्राची एवढी धास्ती होती, की ११३९ साली रोम येथे भरलेल्या ख्रिस्ती धर्मपरिषदेने ख्रिस्ती लोकांविरुद्ध ते वापरण्यास बंदी केली. बंदी कोणी फारशी पाळली नाही. इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड ११९९ साली क्रॉसबोच्या बाणानेच जखमी होऊन मेला.

ताण म्हणजे ऊर्जा नव्हे

दुकानातला पहिला आकडा 'ताण' हा असतो. प्रत्यंचा मागे ओढताना जास्तीत जास्त किती बल लावावे लागते, ते हा आकडा सांगतो. नवशिक्याच्या शिकारी क्रॉसबोवर बहुधा १५० ते १७५ पौंड असा आकडा दिसतो. आपण १६५ पौंड धरू. म्हणजे सुमारे ७५ किलोग्रॅम वजनाइतके, अर्थात सुमारे ७३५ न्यूटन बल.

पण बाणाला जी ऊर्जा मिळते ती केवळ बलावर ठरत नाही. कार्य म्हणजे बल गुणिले विस्थापन, हे तुम्हाला माहीत आहे. तेव्हा प्रत्यंचा किती लांब ओढली जाते, तेही पाहिले पाहिजे. या अंतराला आपण 'ओढपल्ला' म्हणू. आपल्या क्रॉसबोचा ओढपल्ला ३० सेंटिमीटर आहे असे समजा. साध्या धनुष्यात बल शून्यापासून सुरू होऊन जवळजवळ समप्रमाणात वाढत जाते. बल आणि अंतर यांचा आलेख काढला तर एक त्रिकोण मिळतो, आणि त्याचे क्षेत्रफळ म्हणजे साठवलेली ऊर्जा:

१/२ × ७३५ × ०.३० = सुमारे ११० ज्यूल.

हल्लीच्या बहुतेक क्रॉसबोंच्या पात्यांच्या टोकांना चाके असतात, पण ती गोल नसतात. त्यांचा आकार असा बेतलेला असतो, की ओढायला सुरुवात केल्यावर बल लवकर वाढते, बराच वेळ चढे राहते आणि शेवटी थोडे उतरते. आलेख त्रिकोणासारखा न राहता पठारासारखा होतो. कमाल ताण तोच, ओढपल्ला तोच, पण क्षेत्रफळ वाढून साठवलेली ऊर्जा सुमारे १५५ ज्यूल होते. यांपैकी चार-पंचमांश बाणाला मिळते असे धरू. बाकीची पाती, चाके आणि प्रत्यंचा यांना हलवण्यात, आवाजात आणि कंपनात जाते. म्हणजे बाणाच्या वाट्याला येतात १२४ ज्यूल.

शिकारीचा बाण सुमारे ४०० ग्रेनचा असतो. ग्रेन हे धान्याच्या दाण्यावरून आलेले जुने माप; आपले सोनार गुंजा वापरीत, तसे. ४०० ग्रेन म्हणजे सुमारे २६ ग्रॅम. गतिज ऊर्जेच्या सूत्रात हे आकडे घाला. वेग सुमारे ९८ मीटर प्रतिसेकंद येईल. आकडेमोड सोपी व्हावी म्हणून यापुढे आपण तो १०० मीटर प्रतिसेकंद धरू. चाके नसलेल्या, तेवढ्याच ताणाच्या धनुष्यातून हाच बाण सुमारे ८२ मीटर प्रतिसेकंद वेगाने सुटेल. एकच ताण छापलेल्या दोन क्रॉसबोंत एवढा फरक पडू शकतो.

ताणाच्या आकड्याने फसू नये याचे एक जुने उदाहरण आहे. सर राल्फ पेन-गॅलवे या इंग्रज गृहस्थांनी पंधराव्या शतकातील एक पोलादी क्रॉसबो दुरुस्त करून वेल्समधील मेनाय सामुद्रधुनीच्या पलीकडे, सुमारे ४५० यार्डांवर, बाण मारून दाखवले. त्यांचा क्रॉसबोवरचा ग्रंथ १९०३ साली प्रसिद्ध झाला. त्या धनुष्याचा ताण तब्बल १२०० पौंड होता, म्हणजे आपल्या क्रॉसबोच्या सातपटीहून अधिक. पण ओढपल्ला अवघा ७ इंच! क्षेत्रफळ काढून पाहा: सुमारे ४७५ ज्यूल, म्हणजे जेमतेम तिप्पट. शिवाय पोलादी पाती जड असल्यामुळे त्यातलाही मोठा हिस्सा पात्यांना हलवण्यातच जाई.

म्हणून भाच्याला मी पहिला सल्ला दिला तो असा: नुसता ताण पाहू नकोस, ओढपल्लाही पाहा, आणि छापलेला वेग किती वजनाच्या बाणाने मोजला आहे ते विचार. हलका बाण लावला की वेगाचा आकडा फुगतो. मात्र कंपनीने सांगितलेल्या वजनापेक्षा हलका बाण कधीही लावायचा नाही. बाण हलका असेल तर ऊर्जेचा कमी वाटा त्याच्याबरोबर जातो आणि जास्त वाटा धनुष्यातच राहतो. बाण न लावता चाप दाबला तर सगळीच्या सगळी ऊर्जा धनुष्यात राहते. पाती तडकतात, प्रत्यंचा तुटते, तुकडे तोंडावर येतात.

वेगवान चेंडू आणि बाण

१२४ ज्यूल म्हणजे किती? क्रिकेटचा चेंडू सुमारे १६० ग्रॅमचा असतो. एखाद्या वेगवान गोलंदाजाने तो ताशी १४० किलोमीटर वेगाने टाकला, तर त्याची गतिज ऊर्जा येते सुमारे १२१ ज्यूल! म्हणजे चेंडू आणि बाण ऊर्जेच्या बाबतीत जवळजवळ सारखे. मग चेंडूने फलंदाजाची बरगडी दुखते आणि बाणाने हरीण मरते, ते का? कारण चेंडूचे बल मोठ्या क्षेत्रफळावर पसरते. बाणाच्या टोकाला वस्तऱ्यासारखी धारदार पाती असतात. तेथे क्षेत्रफळ फार थोडे, म्हणून दाब प्रचंड. बाण आत कापत जातो आणि रक्तस्रावाने प्राणी मरतो. हृदय किंवा फुप्फुसे कापली गेली तर हे काही सेकंदांत होते. पोटात किंवा पायात बाण लागला तर तेच हरीण तासन् तास जंगलात तडफडत फिरते. हा फरक लक्षात ठेवा. पुढचा सगळा हिशेब त्याच्यासाठीच आहे.

पांढऱ्या शेपटीच्या हरणाची ही मर्मजागा साधारण २० सेंटिमीटर व्यासाची असते. नेम बरोबर मध्यावर धरला, तर वर किंवा खाली चुकायला मुभा फक्त १० सेंटिमीटरची.

दोरीची युक्ती

७५ किलो वजनाइतक्या बलाने प्रत्यंचा ओढायची कशी? क्रॉसबोच्या पुढच्या टोकाला घोड्याच्या रिकिबीसारखी एक कडी असते. तीत पाय घालून क्रॉसबो जमिनीवर दाबून धरायचा. मग दोन आकडे असलेली एक दोरी वापरायची. आकड्यांना छोट्या कप्प्या असतात. दोरी दस्त्यामागच्या खाचेतून जाऊन कप्प्यांभोवती वळते आणि तिच्या दोन्ही टोकांच्या मुठी हातात येतात. विहिरीवरच्या चलकप्पीचे गणित तुम्ही केले असेल, तेच इथे लागते. बल निम्मे होते, म्हणजे दोन्ही हातांना मिळून सुमारे ३७ किलो. पण ३० सेंटिमीटरच्या जागी दोरी ६० सेंटिमीटर ओढावी लागते. कार्य तेवढेच राहते. दोरीचा आणखी एक फायदा असा, की प्रत्यंचा बरोबर मध्यावर ओढली जाते. ती थोडी जरी एका बाजूला ओढली गेली, तरी बाण तिरका सुटतो.

म्हणून दुकानात जाऊन दोरीने प्रत्यंचा स्वतः चढवून पाहा, आणि ते आरामात जमेल तेवढ्याच ताणाचा क्रॉसबो घे, असे मी भाच्याला सांगितले.

दुर्बीण काय करते?

अशा क्रॉसबोवर बहुधा '४ × ३२' असे लिहिलेली दुर्बीण असते. ४ म्हणजे वस्तू चौपट जवळ आल्यासारखी दिसते आणि ३२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास ३२ मिलिमीटर. ३२ ला ४ ने भागले, की मागून बाहेर पडणाऱ्या प्रकाशझोताचा व्यास मिळतो: ८ मिलिमीटर. अंधुक प्रकाशात आपल्या डोळ्याची बाहुली फार तर ७ मिलिमीटरपर्यंत उघडते. म्हणजे डोळा घेऊ शकेल तेवढा सगळा प्रकाश ही दुर्बीण देते. हरणे पहाटे आणि तिन्हीसांजेला बाहेर पडतात, त्या वेळी याचे महत्त्व कळते. याच भिंगाने नऊपट मोठे दाखवायला गेलात, तर झोत साडेतीन मिलिमीटरचा होईल आणि संधिप्रकाशात चित्र काळवंडेल. मोठा आकडा म्हणजे चांगली दुर्बीण, असे समजू नका.

दुर्बिणीतून पाहिले की मध्यावर एक फुली आणि तिच्या खाली एकाखाली एक आणखी काही खुणा दिसतात. या कशासाठी? बाण पन्हळीतून सुटला, की त्याच क्षणापासून खाली पडू लागतो. १०० मीटर वेगाच्या बाणाला २० मीटर जायला ०.२ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात तो १/२ × ९.८ × ०.२ × ०.२ मीटर, म्हणजे १९.६ सेंटिमीटर पडतो. ४० मीटर जायला दुप्पट वेळ लागतो, पण पडणे चौपट होते: ७८.४ सेंटिमीटर. हवेचा विरोध आपण सोडून दिला आहे. तो धरला तर बाण याहून थोडा अधिकच पडेल.

दुर्बीण पन्हळीच्या सुमारे ७ सेंटिमीटर वर बसवलेली असते. वरची फुली २० मीटरसाठी जुळवली, असे समजू. म्हणजे क्रॉसबोचे तोंड किंचित वर असते आणि बाण बरोबर २० मीटरवर दृष्टिरेषेला येऊन मिळतो. त्यासाठी बाणाची दिशा दर मीटरला १.३३ सेंटिमीटर वर चढणारी हवी. आता हीच फुली धरून अधिक दूर मारल्यास बाण दृष्टिरेषेच्या किती खाली लागेल?

३० मीटरवर: ११ सेंटिमीटर खाली.
४० मीटरवर: ३२ सेंटिमीटर खाली.
५० मीटरवर: ६३ सेंटिमीटर खाली.

खालच्या खुणा याच अंतरांसाठी असतात. ४० मीटरवरच्या हरणासाठी ४० ची खूण वापरली, की क्रॉसबो आपोआप तेवढा वर उचलला जातो. दुर्बिणीने बाणाचा मार्ग सरळ केला नाही. तिने फक्त तो कुठे पडणार हे आधी सांगितले. तेसुद्धा, अंतर तुम्ही बरोबर ओळखले असेल तरच.

(शिक्षकांसाठी एक गंमत: ही घट त्या-त्या अंतराने भागली, तर दर मीटरला ३.७३, ८.०५ आणि १२.६० मिलिमीटर असे कोन मिळतात. त्यांमधील फरक पाहा: ३.७३, ४.३२, ४.५५. म्हणून खुणा समान अंतरावर नसतात. दुर्बीण जर पन्हळीच्या पातळीतच असती, तर हे तीनही फरक सारखे आले असते. विद्यार्थ्यांकडून हे सिद्ध करून घ्यावे.)

पाच मीटरची चूक

आता खरा धोका कुठे आहे ते पाहू. चौपट मोठे दाखवणाऱ्या दुर्बिणीतून ४० मीटरवरचे हरीण १० मीटरवर उभे असल्यासारखे दिसते. त्याचे कान, त्याची पापणीसुद्धा दिसते. मनाला वाटते, हे तर अगदी हाताशी आहे. बाणाला मात्र सगळे ४० मीटर कापावे लागतात.

जंगलात, झाडीत, अंतराचा अंदाज चुकणे सोपे असते. समजा, प्रत्येक वेळी अंदाज ५ मीटरने कमी पडला. मग बाण मध्यापासून किती खाली लागेल?

हरीण २० मीटरवर, अंदाज १५ चा: २.६ सेंटिमीटर खाली.
हरीण ४० मीटरवर, अंदाज ३५ चा: ८.८ सेंटिमीटर खाली.
हरीण ५० मीटरवर, अंदाज ४५ चा: ११.५ सेंटिमीटर खाली.

चूक तीच पाच मीटरची. जवळच्या हरणाच्या बाबतीत ती पचते. चाळीसवर जवळजवळ सगळी मुभा संपते आणि पन्नासवर मर्मजागा चुकते. यात हाताचे कापणे, वारा, श्वास हे काहीच धरलेले नाही.

यावर उपाय आहे. अंतर मोजणारे लेसर यंत्र मिळते. ते प्रकाशाचा एक ठोका पाठवते आणि परत येईपर्यंतचा वेळ मोजते. ४० मीटरसाठी हा वेळ सेकंदाच्या एक कोटीव्या भागाच्या तिप्पटीहूनही थोडा कमी असतो. "हे यंत्र घे," मी भाच्याला म्हटले, "महागड्या दुर्बिणीपेक्षा त्याचा उपयोग जास्त."

भाचा म्हणाला, "म्हणजे यंत्र घेतले की पन्नासवरून मारायला हरकत नाही ना?"

मी त्याला आणखी एक हिशेब करायला सांगितला.

आवाज पुढे, बाण मागे

क्रॉसबो सुटताना मोठा 'ठप्' असा आवाज होतो. ध्वनीचा वेग सुमारे ३४० मीटर प्रतिसेकंद, बाणाचा १००. म्हणजे आवाज हरणापर्यंत बाणाच्या आधी पोहोचतो. ४० मीटरवर बाणाला ०.४० सेकंद लागतात, आवाजाला ०.१२. मध्ये उरतात ०.२८ सेकंद. दचकलेले हरीण उडी मारण्यासाठी आधी पाय दुमडते आणि त्याचे अंग खाली येते. त्याला दचकायला ०.१ सेकंद लागला, आणि पुढे त्याचे अंग मोकळ्या वस्तूसारखे खाली आले असे धरू. मग बाण पोहोचेपर्यंत ते किती खाली येईल?

२० मीटरवर: सुमारे १ सेंटिमीटर.
३० मीटरवर: सुमारे ६ सेंटिमीटर.
४० मीटरवर: सुमारे १६ सेंटिमीटर.
५० मीटरवर: सुमारे ३१ सेंटिमीटर.

प्रत्येक हरीण प्रत्येक वेळी दचकेलच असे नाही. पण दचकले, तर चाळीसवरून केलेला अचूक नेमही चुकतो. अंतर बरोबर मोजलेले असते, खूण बरोबर धरलेली असते, हातही स्थिर असतो. तरी बाण पाठीत किंवा मणक्याजवळ लागतो, नाहीतर वरून निघून जातो. हा दोष कुठल्याही भिंगाने दूर होत नाही, कारण तो वेळेचा दोष आहे. तो कमी करायचा एकच मार्ग: जवळ जायचे किंवा जवळ येईपर्यंत थांबायचे.

भाच्याने स्वतः सगळी आकडेमोड पुन्हा केली आणि आपली मर्यादा ठरवली: ३० मीटर. मग आम्ही वापराच्या गोष्टी एकेक करून बोललो. चाप दाबताना अंगठा आणि बोटे पन्हळीच्या वर येऊ द्यायची नाहीत. प्रत्यंचा त्याच मार्गाने येते आणि बोट तोडून नेऊ शकते. पाती उघडताना बाहेर फेकली जातात, म्हणून आजूबाजूला फांदी नाही ना हे पाहायचे. प्रत्येक बाण मारण्यापूर्वी वाकवून पाहायचा, तडा असेल तर फेकून द्यायचा. झाडावरच्या मचाणावर चढताना क्रॉसबो खांद्याला लावायचा नाही. बाण काढलेला क्रॉसबो मागून दोरीने वर ओढून घ्यायचा. लक्ष्याच्या मागे काय आहे हे दिसत नसेल, तर चाप दाबायचा नाही. आणि हे सगळे करण्यापूर्वी महिनाभर गवताच्या लक्ष्यावर सराव करून ३० मीटरवर सगळे बाण तळहाताएवढ्या जागेत बसतात का, ते पाहायचे.

नोव्हेंबरात त्याचा पुन्हा फोन आला. तीन पहाटे तो थंडीत मचाणावर बसला होता. तिसऱ्या दिवशी एक नर हरीण झाडीतून बाहेर आले आणि ओढ्याच्या काठी आडवे उभे राहिले. दुर्बिणीत ते अगदी स्पष्ट दिसत होते. यंत्राने अंतर दाखवले ४३ मीटर. त्याने क्रॉसबो खाली ठेवला. हरीण बराच वेळ तिथेच होते, मग चालत निघून गेले. संध्याकाळी सहकाऱ्यांनी त्याची थट्टा केली. "त्यांना मी आलेख काढून दाखवला मामा," तो म्हणाला. "दोघांनी मान हलवली, एकाने कागद मागून घेतला."

आता तुमच्यासाठी एक उदाहरण. बाणाचा वेग १०० ऐवजी ८० मीटर प्रतिसेकंद आहे, दुर्बीण पन्हळीच्या ७ सेंटिमीटर वर आहे आणि फुली २० मीटरसाठी जुळवलेली आहे. त्याच फुलीवर नेम धरला, तर ४० मीटरवर बाण किती खाली लागेल? उत्तर सुमारे ५४ सेंटिमीटर यायला हवे. ते आले, की आवाजाचा हिशेबही याच वेगासाठी करा आणि या क्रॉसबोसाठी तुम्ही किती मीटरची मर्यादा ठरवाल, ते कारणासह वहीत लिहा.